गासडीतला निखारा

दिवाळीच्या वाती आमच्या घरी अजून देवकापसाच्याच वळतात. परसातल्या झाडाची बोंडं फुटली की सरकी काढायची, कापूस पिंजायचा आणि डब्यात भरून ठेवायचा. यंदा त्यातला चिमूटभर कापूस मी वाटीतल्या पाण्यावर ठेवला. शेजारच्या दुसऱ्या वाटीत औषधाच्या दुकानातला पांढराशुभ्र कापूस टाकला. दुकानातला कापूस बघता बघता पाणी पिऊन तळाला गेला. देवकापूस तरंगत राहिला. बोटानं दाबून खाली धरला, बोट काढलं की पुन्हा वर. बऱ्याच वेळानं बाहेर काढून चिमटीनं उकलला, तर आतून कोरडा.

कापसाच्या तंतूवर मुळातच मेणाचा पातळ थर असतो. जखमेवर लावायचा कापूस सोड्यात उकळून तो थर काढून टाकलेला असतो, म्हणून तो पाणी शोषतो. झाडावरचा, जिनिंगमधला, गासडीतला कापूस पाण्याला सहजासहजी आत घेत नाही. एवढी गोष्ट मनात ठेवून १४ एप्रिल १९४४ च्या दुपारी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत जायचं आहे.

त्या शुक्रवारी एक नंबरच्या धक्क्याला 'फोर्ट स्टिकीन' हे जहाज लागलेलं होतं. १९४२ साली कॅनडात बांधलेलं, सात हजार टनांच्या वरचं. फेब्रुवारीत इंग्लंडमधल्या बर्कनहेडहून निघून ते कराचीमार्गे १२ एप्रिलला मुंबईत पोचलं. पोटात सुमारे १४०० टन दारूगोळा होता: टॉर्पेडो, सुरुंग, तोफगोळे. शिवाय खोक्यांत भरलेली लढाऊ विमानं आणि १२४ सोन्याच्या विटा. कराचीत काही माल उतरला, तिथे रिकाम्या झालेल्या जागेत कापसाच्या हजारो गासड्या, वंगणतेलाची पिंपं, लाकूड, गंधक, राळ, भंगार असं मिळेल ते भरलं. शांततेच्या काळात असा दारूगोळा गोदीच्या आत येऊ देत नसत. जहाज बाहेर बंदरात नांगरून माल पडावांत उतरवत. युद्धाच्या घाईत तो नियम सैल झाला होता. स्फोटकं असल्याची खूण म्हणून लावायचं लाल निशाणही जहाजावर नव्हतं. आणि दोन नंबरच्या खणात तळाला होता कापूस, त्याच्या वरच्या मजल्यावर स्फोटकं.

खाली चूल, वर दारू. आगीचं काम ज्यांनी केलं आहे त्यांना ही मांडणी सांगितली की पुढचं फारसं सांगावं लागत नाही.

साडेबाराला गोदी कामगारांची जेवणाची सुट्टी झाली. पाऊणच्या सुमारास शेजारच्या जहाजांवरच्या काही जणांना 'फोर्ट स्टिकीन'मधून बारीक धूर निघताना दिसला. कुणी कुणाला सांगितलं नाही. कामगार दीडनंतर परतले, खणात उतरले, तेव्हा कुठे आरडाओरड झाली. दोनच्या आसपास पाण्याचे पाइप आत सोडले गेले. चार वाजून सहा मिनिटांनी जहाज फुटलं. म्हणजे धुराची पहिली रेघ आणि स्फोट यांच्यामध्ये तीन तासांहून अधिक वेळ गेला होता. तेवढ्या वेळात त्या खणात काय काय घडलं, ते समजून घेणं म्हणजे आगीचं जवळजवळ सगळं शास्त्र समजून घेणं आहे.

आग नेमकी कशानं लागली हे छातीठोकपणे कुणालाच सांगता आलं नाही. कुणाच्या तरी विडी-सिगारेटचं थोटूक गासड्यांत पडलं असावं, हा चौकशीतून निघालेला सर्वांत संभवनीय तर्क. थोटकानं कापूस भडकन पेटत नाही. तो धुमसतो. ज्वाला नसते, तंतूचा कोळसा होतो, त्या कोळशाच्या पृष्ठभागाला हवा लागते, तेवढाच भाग लालबुंद होतो, त्याची धग पुढच्या तंतूला लागते, त्याचा कोळसा होतो. उदबत्ती जशी न भडकता शेवटपर्यंत जळत जाते, तसंच. गासडी दाबून बांधलेली असली तरी तंतूंच्या मधल्या पोकळ्यांत हवा असते. धुमसणाऱ्या आगीला फार हवा लागतच नाही. म्हणून ती आतल्या आत तासन्‌तास, कधी काही दिवससुद्धा, सरकत राहू शकते. विदर्भ-खानदेशातल्या जिनिंगवाल्यांना हे चांगलं ठाऊक असतं. ज्या गासडीला एकदा झळ लागली ती विझल्यासारखी दिसली तरी बाकीच्यांत परत ठेवायची नाही. उघड्यावर वेगळी काढायची, फोडायची आणि तिच्यावर नजर ठेवायची.

धुमसण्यातून ज्वाला कशी येते, हे मला लहानपणी आमच्या स्टोव्हनं शिकवलं. पंपाचा पितळी स्टोव्ह ज्यांनी पेटवला आहे त्यांना आठवेल: स्पिरिटमध्ये बुडवलेला काकडा बर्नरभोवती अडकवायचा, तो पेटवायचा, बर्नर चांगला तापू द्यायचा आणि मगच पंप मारायचा. घाई करून आधीच पंप मारला तर पिवळा भडका उठे, काजळी छतापर्यंत जाई आणि आई धावत येई. रॉकेल तेच, स्टोव्हही तोच. फरक एवढाच की तापलेल्या बर्नरमधून रॉकेलची वाफ येत होती आणि गार बर्नरमधून रॉकेलच येत होतं. द्रवाला आग लागत नाही, त्याच्या वाफेला लागते. लाकडाचंही तेच. तापल्यावर लाकडातून जे वायू बाहेर पडतात ते जळतात, आणि ज्याला आपण ज्वाला म्हणतो ती त्या वायूंची असते. मायकेल फॅरडे यांनी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसाठी मेणबत्तीवर व्याख्यानमाला दिली होती. तिच्यातला प्रयोग कुणालाही करता येतो: मेणबत्ती फुंकून विझवा, वातीवरून चढणाऱ्या पांढऱ्या धुराच्या रेघेला वरच्या वर जळती काडी दाखवा. ज्योत त्या रेघेवरून उतरून वातीवर जाऊन बसते. ती रेघ मेणाची वाफ असते.

दाट धूर म्हणजे न जळलेलं इंधन. 'फोर्ट स्टिकीन'च्या खणातून धुराचे लोट निघत होते ते याच जातीचे. आत उष्णता होती, इंधन होतं, अपुरी होती ती हवा.

किती तापल्यावर एखाद्या द्रवाची वाफ पेटण्याजोगी होते त्या तापमानाला फ्लॅश पॉइंट म्हणतात. पेट्रोलचा शून्याखाली चाळीस अंशांच्या आसपास असतो, म्हणजे काश्मीरच्या थंडीतही पेट्रोलच्या डब्याच्या तोंडाशी पेटण्याजोगी वाफ तयारच असते. रॉकेलचा आपल्याकडच्या मानकानुसार निदान ३५ अंश. आपल्या १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यानं तेलांचे वर्ग पाडले ते याच एका गुणावर: २३ अंशांच्या खाली अ वर्ग, २३ ते ६५ ब, ६५ ते ९३ क. फोडणीच्या तेलाचा फ्लॅश पॉइंट तीनशेच्या आसपास असतो, म्हणून ते आपल्याला निरुपद्रवी वाटतं. पण विसरलेल्या कढईत ते तिथवर पोचतं, आणि साडेतीनशेच्या पुढे गेलं की काडी न लावताही पेटतं.

नुसती वाफ असून भागत नाही, हवेशी तिचं प्रमाण जमावं लागतं. स्वयंपाकाचा गॅस हवेत २ टक्क्यांहून कमी असेल तर पेटत नाही. साडेनऊ टक्क्यांहून जास्त झाला तरी पेटत नाही, तेव्हा त्याला हवा पुरत नाही. खाणीतल्या मिथेनसाठी या सीमा ५ आणि १५. हायड्रोजनसाठी ४ आणि ७५, म्हणून तो इतका दगाबाज. मी एकदा कागदावर हिशेब मांडला. दहा फूट लांब, दहा फूट रुंद, दहा फूट उंच स्वयंपाकघर धरलं तर त्यातली सगळी हवा पेटण्याजोगी करायला सव्वा किलोच्या आसपास गॅस पुरतो. भरलेल्या सिलिंडरमध्ये १४.२ किलो असतो. शिवाय हा गॅस हवेपेक्षा जड. तो फरशीलगत, ओट्याखाली, मोरीत साचतो, त्यामुळे तिथे धोक्याचं प्रमाण व्हायला सव्वा किलोचीही गरज नाही. त्याला स्वतःचा वास नसतो. आपल्याला कळावं म्हणून मुद्दाम उग्र वासाचं रसायन मिसळलेलं असतं.

आणि पेटायला लागते किती ऊर्जा? प्रमाण जुळून आलं असेल तर पाव मिलिज्यूल. हे माप डोळ्यांपुढे आणायचं तर दहा-बारा मोहऱ्या मीटरभर उंचीवरून फरशीवर पडाव्यात, तेवढी. हायड्रोजनला एखाददुसरी मोहरी पुरे. दिव्याचं बटण दाबताना आत जी बारीक ठिणगी उडते, फ्रीज आपोआप चालू होताना जी उडते, हिवाळ्यात स्वेटर काढताना जी चटचटते, ती याहून पुष्कळ मोठी असते. 'मी काडी ओढलीच नाही' असं गॅसच्या अपघातानंतर लोक सांगतात ते खरंच असतं. काडीची गरज नसते.

घन पदार्थही बारीक केले की असेच वागतात. पीठ, साखर, कोळशाची भुकटी ढीग करून ठेवली तर पेटवणं कठीण, पण हवेत उडाली की प्रत्येक कणाला चहूबाजूंनी हवा मिळते. २ मे १८७८ रोजी अमेरिकेतल्या मिनियापोलिसला पिठाची एक प्रचंड गिरणी अशीच उडाली, १८ माणसं गेली. फेब्रुवारी २००८ मध्ये जॉर्जिया राज्यातल्या पोर्ट वेंटवर्थ इथे साखर कारखान्यात साचलेल्या साखरेच्या धुळीनं १४ जणांचा बळी घेतला. आपल्याइतके साखर कारखाने असलेल्या राज्यात हे गाव माहीत असायला हवं.

आता परत गोदीत. दोनच्या पुढे बंब आले, पाइप वाढत गेले. एकूण नऊशे टनांहून जास्त पाणी जहाजात ओतलं गेलं. धुरामुळे आगीचं ठिकाण सापडत नव्हतं. जहाजाच्या एका अंगाला पत्र्यावरचा रंग फुगून सोलवटू लागला, तेव्हा आग त्या पत्र्याच्या पलीकडे आहे हे कळलं. तिथे भोक पाडून नेमकं पाणी मारावं म्हणून गॅस कटर मागवला, पण त्यानं काम केलं नाही. त्या फुगलेल्या रंगापाशी माझं मन दर वेळी थांबतं. आग स्वतः आपला पत्ता सांगत होती, आणि तिथवर पोचायचं साधन हाती नव्हतं.

पाण्यानं आग विझते ती मुख्यतः गारव्यानं. पाण्याची वाफ होताना ते भरपूर उष्णता ओढून घेतं, पण त्यासाठी ते जळत्या पृष्ठभागाला भिडायला हवं. मेणाचा थर असलेल्या, दाबून बांधलेल्या कापसात ते शिरत नव्हतं. खणात पाणी चढत गेलं तसा कापूस त्यावर तरंगत वर आला, माझ्या वाटीतल्या देवकापसासारखाच, आणि धगधगते निखारे घेऊन स्फोटकांच्या मजल्याला खालून टेकला. विझवण्यासाठी ओतलेल्या पाण्यानं आग उचलून दारूपाशी नेली. यात बंबवाल्यांचा दोष काढायचा मला अजिबात अधिकार नाही. त्यांना पाणी मारायचा हुकूम होता आणि पायाखालचा डेक भाजत असताना ते पाणी मारत राहिले. दोष मांडणीचा होता आणि निर्णयाचा. जहाज जागीच बुडवावं, खोल समुद्रात ओढून न्यावं की पाणीच वाढवावं, याबद्दल जबाबदार माणसांची मतं जुळली नाहीत आणि वेळ निघून गेला. तीन वाजून पन्नास मिनिटांनी जहाज सोडण्याचा हुकूम सुटला. तोवर जहाजाभोवतीचं पाणी उकळत होतं.

स्फोट म्हणजे मोठी आग, अशी आपली समजूत असते. ऊर्जेच्या हिशेबात हे उलटं आहे. टीएनटी या स्फोटकाच्या एका किलोत जेवढी ऊर्जा असते, त्याच्या जवळजवळ चौपट एक किलो सुक्या लाकडात असते. साजूक तुपात तर आठपटीच्या आसपास. तरी समईनं भिंत पडत नाही. समईला हवेतला ऑक्सिजन थोडा थोडा येऊन मिळतो, म्हणून ती सावकाश जळते. दारूमध्ये ऑक्सिजन आधीच मिसळून ठेवलेला असतो. काळ्या दारूत १०० भागांत ७५ भाग सोरा असतो तो याचसाठी, बाकी कोळसा १५ आणि गंधक १०. टीएनटीमध्ये तर काही ऑक्सिजन रेणूतच गुंफलेला असतो. म्हणून असा माल एकदा पेटला की हवा कोंडून किंवा झाकण घालून तो विझत नाही.

भुईनळा आणि सुतळी बॉम्ब शेजारी शेजारी ठेवून पाहा. आतला मसाला थोड्याफार फरकानं त्याच जातीचा: सोरा, गंधक, कोळसा किंवा ॲल्युमिनियमची भुकटी. भुईनळ्याला वर तोंड असतं, वायू निघून जातात, आपल्याला झाड दिसतं. सुतळी बॉम्बला तोंडच नसतं. घट्ट गुंडाळलेल्या सुतळीत वायू कोंडले जातात, दाब वाढतो, दाबानं जळण्याचा वेग वाढतो, वेगानं दाब वाढतो, आणि वेष्टन फाटतं. खोलीत साचलेल्या गॅसचंही हेच. त्याची ज्योत सुरुवातीला चालत्या माणसापेक्षाही हळू सरकते. पण जळून तापलेला वायू सात-आठ पट फुगतो. बंद खोलीत त्याला जायला जागा नसते, आणि विटांची भिंत त्या दाबाचा एक लहानसा अंशही सोसत नाही.

टीएनटीची जात याहून वेगळी. ते उघड्यावर थोडं असेल तर धूर ओकत जळूही शकतं. पण ढिगानं असेल, लोखंडी कवचात कोंडलेलं असेल आणि खालून भाजत राहिलं, तर एका क्षणी जळण्याचं रूप पालटतं. मग धग कणाकणानं पुढे जात नाही. दाबाची लाट पदार्थातून धावते आणि जिथे पोचते तिथला रेणू मोडते. तिचा वेग सेकंदाला सात किलोमीटरच्या घरात असतो; भायखळा ते कुलाबा हे अंतर एका सेकंदात. गासडीतला निखारा तासाला काही इंच सरकत होता. तिथून इथवरचा प्रवास त्या खणानं तीन-साडेतीन तासांत केला.

४ वाजून ६ मिनिटांनी जहाजाचे दोन तुकडे झाले. बारा किलोमीटरवरच्या खिडक्यांच्या काचा फुटल्या. कुलाबा वेधशाळेच्या भूकंपमापकावर नोंद झाली, आणि १७०० किलोमीटरवरच्या सिमल्याला जमीन थरथरल्याचं उपकरणांनी टिपलं. जवळचं 'जलपद्म' हे जहाज उचललं जाऊन त्याचा मागचा भाग गोदामाच्या छपरावर पडला. पेटत्या गासड्या आकाशातून वस्त्यांवर आल्या. ज्या कापसातून आग सुरू झाली त्याच कापसानं ती शहरभर नेली. सोन्याची एक वीट गिरगावात एका पारशी गृहस्थाच्या छपरातून घरात येऊन पडली. ४ वाजून ३४ मिनिटांनी जहाजाचा उरलेला दारूगोळा उडाला, आणि पहिल्या स्फोटानंतर मदतीला धावलेले त्यात सापडले.

मृतांचा अधिकृत आकडा सातशेच्या वर आहे, इतर अंदाज आठशेपासून तेराशेपर्यंत जातात. त्यात बंबवाले ६६. सुमारे ८०,००० माणसं बेघर झाली. ५०,००० टनांहून जास्त धान्य गेलं, तेही बंगालच्या दुष्काळाच्या पाठोपाठ. आग आटोक्यात यायला तीन दिवस लागले, मलबा उपसायला ८,००० माणसांना सात महिने. जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओनं दुसऱ्याच दिवशी बातमी दिली. इथल्या वर्तमानपत्रांना सविस्तर छापायची परवानगी मिळाली ती मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात. शहराला स्वतःच्या अंगणातली गोष्ट महिनाभर मोकळेपणानं वाचता आली नाही, याचा मला आजही राग येतो. जे छापलं जात नाही त्यातून कुणी शिकतही नाही.

भायखळ्याला अग्निशमन दलाच्या मुख्यालयात त्या जवानांचं स्मारक आहे. १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात, आणि तिथून आठवडाभर अग्निसुरक्षा सप्ताह असतो. शाळांत आग विझवायची नळकांडी कशी वापरायची ते दाखवतात. ते चांगलंच आहे. त्याबरोबर एका वाटीत पाणी आणि चिमूटभर देवकापूस घेऊन हेही दाखवावं, की प्रत्येक आगीवर पाणी हा उतारा नसतो. कढईतलं तेल पेटलं आणि त्यावर पाणी टाकलं, तर जड पाणी तेलाखाली जातं, क्षणात वाफ होऊन सतराशे पट फुगतं आणि जळतं तेल छतापर्यंत उडवतं. तिथे उपाय एकच: गॅस बंद करायचा, कढईवर झाकण सरकवायचं आणि ती गार होईपर्यंत उघडायची नाही. हवा तोडायची.

फराळ करायला बसण्याआधी, वाचकहो, दोन मिनिटं काढा. शेगडीमागे वाकून केशरी नळीवर छापलेलं साल वाचा. पाच वर्षं उलटली असतील तर नळी बदला. कढईच्या मापाचं झाकण ओट्यावरच ठेवा. गॅसचा वास आला तर कुठल्याही बटणाला हात लावू नका, लावायलाही नाही आणि बंद करायलाही नाही. रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, घराबाहेर जा आणि तिथून १९०६ ला फोन करा. आणि शेजारच्या इमारतीतून, गोदामातून, उभ्या ट्रकमधून धुराची बारीक रेघ निघताना दिसली, तर कुणीतरी कळवलं असेल असं धरून चालू नका. १०१ लावा.